मुलाला शिकारीच्या वर्गाला घालू का? विस्कॉन्सिनमधल्या पालकांना विचारायचं आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस घरात एकाच विषयावर बोलणं चाललंय आणि निकाल लागत नाहीये, म्हणून इथे विचारते.

आम्ही मॅडिसनपासून अर्ध्या तासावर राहतो. मुलगा १२ वर्षांचा, नुकताच सातवीत गेला. त्याचा एक वर्गमित्र शेतावर राहतो. त्या मित्राचे आजोबा दरवर्षी नातवंडांना ऑक्टोबरमधल्या मुलांच्या हरणशिकारीला नेतात. दोनच दिवसांचा हंगाम असतो, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. यंदा त्यांनी आमच्या मुलालाही बोलावलं आहे. पण आधी हंटर एज्युकेशनचा वर्ग करून ये, परीक्षा दे, मग नेतो, अशी त्यांची अट आहे. मुलाने फॉर्म आणून फ्रिजवर लावून ठेवलाय. रोज सकाळी फ्रिजमधून दूध काढताना तो माझ्या डोळ्यांसमोर येतो.

आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी बंदूक हातात धरलेली नाही. आम्ही मांसाहार करतो, त्यामुळे जीवहत्येबद्दल मला फार ठामपणे बोलता येत नाही. सासूबाई सध्या इथे आहेत, त्या शाकाहारी आहेत, आणि त्यांना हे मुळीच पटलेलं नाही. त्यांनी मागच्या अंगणात हौसेने लावलेली मेथी आणि घेवडा हरणांनी दोनदा फस्त केला. तरी त्या म्हणतात, "खाऊ दे, त्यांनाही पोट आहे."

मुलगा म्हणतो की हे निसर्गसंवर्धनाचं शिक्षण आहे, पुस्तिकेतच तसं लिहिलंय. माझं घोडं इथेच अडतं. मारायला शिकवून राखायला कसं शिकवतात? की तो शब्द नुसता शोभेला घातलाय? रागाच्या भरात किंवा भीतीपोटी मला नाही म्हणायचं नाहीये. ज्यांनी आपल्या मुलांबरोबर हे केलंय, किंवा विचार करून टाळलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मागोवा

रानजाई ताई, सहा वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो. मुलगी तेव्हा १३ वर्षांची. आम्ही राज्याच्या पश्चिमेला, मिसिसिपीकडे उतरत जाणाऱ्या टेकड्यांमध्ये राहतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा इकडे अर्धं गाव नारिंगी कपड्यांत दिसतं. मुलीने विचारल्यावर मी आधी सरळ नाही म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वर्गात बसून बघितलंय का?" बघितलं नव्हतं. मग दोघांनीही नाव घातलं. तसंही १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला हा वर्ग केल्याशिवाय इथे शिकारीचा नेहमीचा परवाना मिळत नाही. त्यामुळे ४१व्या वर्षी मीही वही-पेन्सिल घेऊन पोरांच्या रांगेत बसलो.

वर्ग अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक साठीच्या पुढचे. पहिल्या दोन संध्याकाळी आमच्या गटात कुणालाही बंदुकीला हात लावू दिला नाही. 'टॅब-के' ही चार नियमांच्या इंग्रजी आद्याक्षरांची, इथल्या वर्गांतली आठवणीची खूण आहे, तिच्यातले चारही नियम आमच्याकडून घोटून घेतले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करायची. गोळी झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. तारेचं कुंपण ओलांडायचं तर आधी काडतुसं काढायची, बंदूक खालून पलीकडे सरकवायची आणि मग आपण जायचं. हे खोट्या बंदुकीने इतक्या वेळा करून घेतलं की मुलगी घरी झाडू घेऊन दारातून जातानाही तो तसाच धरायला लागली.

मला ज्याची अपेक्षा नव्हती ती इतिहासाची संध्याकाळ. १८७१ मध्ये याच राज्यात पॅसेंजर पिजन या कबुतरांची अफाट मोठी वीण वसाहत होती. बाजारात विकायला लोकांनी ती पोत्यांनी मारली, जंगलंही तोडली, आणि त्या जातीचं शेवटचं कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. हे सांगणारे सगळे स्वतः शिकारी होते. एका पोराने हात वर करून विचारलं, "म्हणजे आपल्यासारख्यांनीच संपवली?" शिकवणारे आजोबा म्हणाले, "होय." आणि थोडा वेळ पुढे बोललेच नाहीत.

मग त्यांनी टर्कीची गोष्ट सांगितली, ती तर आमच्या घराजवळची. रानटर्की या राज्यातून एकोणिसाव्या शतकातच नाहीशी झाली होती. १९७६ मध्ये मिसूरी राज्याकडून टर्की आणून आमच्या व्हर्नन काउंटीत सोडल्या, बदल्यात विस्कॉन्सिनने त्यांना रफ्ड ग्राउस हे रानपक्षी दिले. आज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळी वीस-पंचवीस टर्की मोजता येतात. अशा कामांना पैसा कुठून येतो, तर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. राज्याने कामाच्या खर्चाचे २५ टक्के घालायचे, ७५ टक्के या करातून येतात. परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवले तर हा निधीच थांबतो, अशी त्यात अट आहे. तेव्हा पुस्तिकेतला तो शब्द पोकळ नाही. पण नुसत्या कराने मूल काही शिकत नाही, म्हणून खरा अनुभव सांगतो.

आमच्याकडे शेजारचे एक आजोबा मार्गदर्शक होते. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी पहाटे आम्ही तिघं ओकच्या राईत जमिनीवरच्या आडोशात बसलो. सव्वासातच्या सुमारास एक मादी साठ-सत्तर पावलांवर, टेकडीच्या अगदी माथ्यावर येऊन उभी राहिली. मुलीने नेम धरला. मग बंदूक खाली घेतली. हरीण निघून गेल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "तिच्या मागे नुसतं आभाळ होतं. टेकडीपलीकडे आजोबांचं घर आहे." आजोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ताई, त्या दिवशी गोळी सुटली नाही, पण माझी बंदुकीबद्दलची भीती बरीचशी तिथेच गेली.

नोव्हेंबरमध्ये तिने एक मादी मारली. गोळी लागल्यावर अर्धा तास जागचं हलायचं नाही, कारण लगेच मागे लागलं तर जखमी जनावर लांब पळतं आणि हालहाल होऊन मरतं. तो अर्धा तास तिला फार जड गेला. नंतर पाचोळ्यावरचे रक्ताचे थेंब शोधत आम्ही गेलो, हरीण ओढ्याकाठी पडलं होतं. तिने मानेवर हात ठेवला. ऊब होती. ती रडली. आजोबांनी टोपी काढली आणि तिचं रडणं थांबेपर्यंत चाकू बाहेर काढला नाही.

मग त्यांनी तिला जबडा उघडून दाखवला. तिसरी उपदाढ अजून दुधाची, तीन उंचवट्यांची, म्हणजे जेमतेम दीड वर्षाचं जनावर. आतडी, हृदय, फुप्फुसं, पोटात काय खाल्लेलं होतं ते सगळं तिने बघितलं. पोटात ओकची फळं आणि मका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, ती तिने स्वतः केली. डोकं क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या तपासणीला दिलं. हरणांचा मेंदू पोखरणारा हा रोग राज्यात २००२ मध्ये सापडला, त्यावर इलाज नाही. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये तसंच ठेवलं होतं आणि ती रोज फोनवर निकाल बघायची.

आता जे सांगायचं आहे ते. आडोशात तासन् तास बसल्यावर तिच्या लक्षात आलं की राईत म्हातारे ओक आहेत आणि पोरसवदा ओक एकही नाही. जी रोपं होती ती सगळी घोट्याएवढी, शेंडे कुरतडलेली. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "हरणं फार झालीत. माझ्यानंतर इथे राई राहणार नाही." त्या वसंतात तिने आणि मी तारेचं एक छोटं कुंपण घातलं, दहा फूट बाय दहा फूट. तिसऱ्या वर्षी आतली रोपं तिच्या कमरेला लागली. बाहेरची घोट्यालाच. ती दर ऑगस्टमध्ये फूटपट्टी घेऊन मोजायची, अजूनही घरी आली की मोजते. शिकारीला मात्र ती आता दरवर्षी जात नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. त्या मित्राच्या आजोबांना भेटा आणि बंदुकीबद्दल काही विचारू नका. एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये त्या जमिनीवर तुम्ही काय करता, ते विचारा. बकथॉर्नची उपद्रवी झुडपं उपटत असतील, गवत नव्याने फुटावं म्हणून गवताळ पट्टा जाळायला जात असतील, पाखरांची घरटी माहीत असतील, तर मुलाला निःशंकपणे पाठवा. फक्त भिंतीवरची शिंगं दाखवली, तर थांबा.

पाणथळ

मागोवा दादा, ते टोपी काढल्याचं वाचून दोन मिनिटं थांबले.

रानजाई, आम्ही विचार करून दुसरी वाट धरली. माझ्या मुलाला रक्त बघून चक्कर येते, त्याला तिथे नेण्यात अर्थ नव्हता. पण रानात पहाटे गप्प बसणं बंदुकीशिवायही शिकता येतं. बाराबूजवळ इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे, १९७३ पासून. त्यांची क्रौंचगणना एप्रिलच्या मध्यात असते, पहाटे साडेपाच ते साडेसात. आम्ही चार वर्षं जातोय. पहिल्या वर्षी धुकं इतकं होतं की एकही पक्षी दिसला नाही, सगळे आवाजावरून मोजले. जोडीने एकत्र साद घातली की नर एक हाक देतो आणि मादी दोन, हे मुलाने तिथेच कान देऊन ओळखलं. १९३०च्या दशकात या क्रौंचांच्या, म्हणजे सँडहिल क्रेनच्या, जेमतेम २५ जोड्या राज्यात उरल्या होत्या, आता माझ्या ऑफिसच्या वाटेवर शेतात चरताना दिसतात.

दुसरं म्हणजे डक स्टँप. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना हे तिकीट घ्यावं लागतं, पण ते कुणीही घेऊ शकतं. २५ डॉलर किंमत, त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात, शिवाय प्रवेशशुल्क असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत ते दाखवून फुकट जाता येतं. आम्ही बंदूक नसताना दरवर्षी घेतो. शाळेच्या मुलांसाठी ज्युनियर डक स्टँपची चित्रस्पर्धा असते. माझ्या मुलाने वुड डक या बदकाचं चित्र काढण्यासाठी हॉरिकॉनच्या दलदलीत तीन शनिवार काढले. बक्षीस मिळालं नाही. पण पंखावरचा तो चकचकीत निळा पट्टा नेमका कुठे सुरू होतो हे त्याला जेवढं माहीत आहे तेवढं मला नाही.

आरण्यक

मागोवांचा अनुभव मनापासून आवडला, आणि तरी एक बाजू मांडतो, कारण मुलाला शिकवायचं तर पूर्ण शिकवावं.

पैसा परवान्यांतून आणि काडतुसांच्या करातून येतो, त्यामुळे ज्यांची शिकार होते त्या जनावरांकडे लक्ष जास्त जातं. हरीण, टर्की, बदक यांना वाली आहे. बेडूक, साप, मधमाश्या, वटवाघळं यांच्या वाट्याला तेवढं येत नाही. वर्गात हे सांगतात का, ते विचारा.

आणि फेब्रुवारी २०२१ विसरू नका. याच राज्यात लांडग्यांची शिकार उघडली. एकूण कोटा २०० होता, त्यातले ८१ इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या हक्काचे, उरलेले ११९ परवानाधारकांसाठी. तीन दिवसही झाले नाहीत तोवर २१८ लांडगे मारले गेले. ओजिब्वेंनी आपला वाटा लांडगे जगावेत म्हणूनच राखून ठेवला होता, त्यांच्या दृष्टीने लांडगा हा भाऊ आहे. ते मारणाऱ्यांपैकी बरेच जण कधीतरी अशाच वर्गात बसले असतील, या विचाराने मला फार वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट शिशाची. शिशाची गोळी अंगात फुटते आणि बारीक कण लांबवर पसरतात. रानात टाकून दिलेल्या आतड्यांवर गरुड उतरतात आणि विषबाधेने मरतात. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, हरणांसाठी इथे तशी सक्ती नाही.

मी शिकारीच्या विरोधात म्हणून हे लिहीत नाही. निसर्गसंवर्धनावर लिहिणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः आयुष्यभर शिकारी होते. तरुणपणी वनखात्यात असताना लांडगे कमी झाले की हरणं वाढतील असं त्यांना वाटायचं, पुढे हरणांनी डोंगर बोडके केलेले बघून त्यांनी मत बदललं आणि तसं उघडपणे लिहिलं. बाराबूजवळ १९३५ मध्ये घेतलेली त्यांची झिजलेली जमीन आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून उभी केलेली झोपडी अजून आहे. पाच मुलांना घेऊन त्यांनी तिथे हजारो पाइन लावले. मुलाला शिकारीआधी तिथे एकदा न्या.

मागोवा

आरण्यक, लांडग्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मान्य. आमच्या वर्गात ते आलं नव्हतं, कारण तेव्हा ते घडलंच नव्हतं. पण आज कुणी तो वर्ग घेत असेल तर कबुतरांच्या जोडीला हेही सांगायला हवं. शिशाबद्दल म्हणाल तर आम्ही पहिल्यापासून तांब्याच्या गोळ्या वापरतो. महाग पडतात, पण मुलीने गरुडाबद्दल वाचल्यावर दुसरं काही घरात येऊच दिलं नाही. रानजाई ताई, त्या आजोबांना हेही विचारा.

धनेश

थोडं वेगळं. आपल्याकडचे सलीम अली लहानपणी एअरगनने चिमण्या मारायचे. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांना ती ओळखता येईना, त्यांनी पोराला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथले सचिव मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. मिलार्डनी पोराला हाकलून दिलं नाही. पक्षी ओळखून सांगितला आणि कपाटं उघडून एकेक भरलेला पक्षी दाखवत बसले. हे १९०८ मधलं. मला कायम वाटतं की त्या दिवशी तिथे कुणी वैतागलेला माणूस भेटला असता तर पुढचे सलीम अली झालेच नसते. तुमच्या मुलाला कोण भेटतंय, ते बघा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितेय, कारण काहीतरी घडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

मी मुलाबरोबर वर्गात बसले. दोघंही पास झालो. त्याआधी एका रविवारी मित्राच्या आजोबांकडे गेलो आणि मागोवांनी सांगितलेला प्रश्न विचारला. ते काही बोलले नाहीत, गमबूट चढवले आणि आम्हाला मागे घेऊन गेले. ओढ्याकाठचा एक पट्टा त्यांनी नऊ वर्षांपूर्वी मक्यातून काढून प्रेअरीच्या गवताला दिलाय. सासूबाईही आल्या होत्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण माणसाच्या उंचीचं ते गवत, त्यातली पिवळी फुलं आणि मधमाश्या बघून त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आजोबांनी त्यांच्या हातात मूठभर बी दिलं.

गोळ्यांचं विचारलं. ते शिशाच्याच वापरत होते. मुलाने गरुडाचं सांगितलं, जरा अडखळत. ते रागावले नाहीत. शनिवारी तांब्याच्या घेऊन आले.

मुलांच्या शिकारीला आमचा मुलगा बंदूक न घेता गेला. हा निर्णय त्याचा. म्हणाला, यंदा फक्त बसून बघतो. मित्रालाही काही मिळालं नाही, एक नर दिसला तो फार लांब होता. मुलाने वहीत लिहिलंय: दोन कोल्हे, सात टर्की, एक घुबड ऐकू आलं, वारा वायव्येचा, ६ वाजून ५० मिनिटांनी पहिलं हरीण. पुढच्या वर्षी काय, ते पुढच्या वर्षी. सासूबाईंना अजूनही मारणं पटत नाही आणि त्या तसं स्पष्ट म्हणतात. मुलगा त्यांच्याशी आता वाद घालत नाही, वही वाचून दाखवतो. एप्रिलमधल्या क्रौंचगणनेला दोघंही जाणार आहेत.

मागोवा दादा, एक विचारायचं होतं. येताना तो व्हाइट ओकची फळं पिशवी भरून घेऊन आलाय. आजोबांनी कुंपणासाठी जागा दिली आहे. फळं कधी लावायची, आणि तार किती उंच लागते?

मागोवा

लगेच लावा, या आठवड्यातच. व्हाइट ओकचं फळ पडल्या पडल्या शरदातच मूळ सोडतं, वसंतापर्यंत थांबलात तर सुकून जाईल. रेड ओकचं असेल तर ते वसंतात रुजतं. आधी सगळी फळं बादलीत पाण्यात टाका. तरंगतील ती बहुतेक किडलेली असतात, बुडतील ती घ्या. इंचभर खोल, आडवी ठेवून पुरा. वरून बारीक जाळी अंथरून दगडांनी दाबा, नाहीतर खारी एका रात्रीत उकरून नेतात. वसंतात कोंब वर आले की जाळी काढा.

दहा बाय दहाला पाच फूट उंची पुरते. इतक्या अरुंद जागेत हरीण उडी घेत नाही. खालची कड जमिनीलगत खिळून घ्या, ससे तिथूनच शिरतात. आणि कुंपणाबाहेर तेवढीच फळं त्याच दिवशी लावा, मोजायला ती लागतील.